गेवराईचं रामेन खरंच खाण्यासारखं आहे का?

दिवाळीनंतर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा होता. "ताई, गेवराईत ते जपानी हॉटेल निघालंय, तिथं जाण्यासारखं आहे का?" कुणी ब्लॉगवर विचारलं, कुणी वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि एका काकूंनी तर माझ्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढता काढता विचारलं.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी वैशाली. वडवणीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गुरुवारी दुकान बंद असतं आणि त्या दिवशी मी एसटीनं कुठंतरी जाऊन येते. सकाळी निघायचं, दिवे लागायच्या आत घरी. आपल्याच जिल्ह्यातली देवळं, तलाव, बाजार, खानावळी. माझ्यासारख्याच, लांब जाता न येणाऱ्या लोकांसाठी मी हे लिहिते.

तर ग्रुपवर हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा माझ्यासमोर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला आठ-दहा पोरी उभ्या होत्या. सर्व्हर सारखा बंद पडत होता. त्या मधल्या वेळात मी उत्तर टाकलं, "रामेनमध्ये डुकराचं मांस घालतात असं वाचलंय. गेवराईत काय घालतात कुणास ठाऊक. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा." तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला आणि मी कामाला लागले. जाऊन आलेलं कुणीच नव्हतं. दोघा-तिघांनी हसणारे चेहरे टाकले, एकीनं 'छी' लिहिलं आणि विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

जायचं ठरलं ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून कोरडा घास त्यांना उतरत नाही. भाकरी आमटीत कुस्करून, मऊ करून द्यावी लागते. एका जेवणाला पाऊण तास लागतो, मध्ये ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळं ते कुणासमोर जेवत नाहीत. लग्नाला जात नाहीत, पाहुण्यांकडं जात नाहीत. घरातही ताट घेऊन आपल्या खोलीत बसतात.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला त्या हॉटेलच्या मेनूचा कुणीतरी पाठवलेला फोटो वाचून दाखवत होते. आतून अण्णांचा आवाज आला.

"रस्सा असतो का त्यात?"

"असतो की. रश्श्यातच शेवया असतात."

"लई असतो का?"

"मोठी वाटी भरून."

मग म्हणाले, "मंग मला घेऊन चल."

दीड वर्षात या माणसानं कुठं घेऊन चल असं म्हटलं नव्हतं. मी येणाऱ्या गुरुवारचं पक्कं केलं.

वडवणी ते बीड

सकाळी साडेदहाची बस. बीडपर्यंत साधारण तासभर लागतो. बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, त्यामुळं आमच्या दोघांचा प्रवास एका अर्ध्या तिकिटात झाला. अण्णांनी कंडक्टरला ओळखपत्र दाखवलं ते वयाचं, एसटीतल्या नोकरीचं नाव काढलं नाही.

एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरसोबत एसटीत बसणं हा एक वेगळाच प्रवास असतो. ते खिडकीतून बाहेर बघतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष गिअरच्या आवाजाकडं. "आता टाक तिसरा," ते हळूच पुटपुटतात, आणि ड्रायव्हरनं टाकला की मान हलवतात. त्यानं उशीर केला की ओठ दाबून घेतात.

बाहेर बघण्यासारखं खूप होतं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणीला बायका वाकलेल्या. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर समोरून येत होते. ट्रॉलीत भांडी, बाजा, कोंबड्या, सरपण आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. आमची बस एका ट्रॅक्टरला वाट द्यायला बाजूला थांबली तेव्हा अण्णांनी ड्रायव्हरकडं बघून पहिल्यांदा "शाबास" म्हटलं.

बीडच्या बसस्थानकाबाहेर सीताफळांच्या गाड्या लागल्या होत्या. सीताफळ मऊ असतं, अण्णांना जमेल, म्हणून मी एक पिकलेलं घेतलं. "नको," ते म्हणाले. "तिथं भूक राहिली पायजे." हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की ते फळ मी एकटीनं उभ्या उभ्या खाल्लं.

बीड ते गेवराई

गेवराईला जाणाऱ्या गाड्या भरपूर. संभाजीनगरकडं जाणारी कुठलीही बस चालते, फक्त ती गावात शिरणार की बायपासनं सरळ जाणार हे चढण्याआधी विचारून घ्या. रस्ता चौपदरी, पाऊण तासात गेवराई. पाडळसिंगीचा टोलनाका गेला की गढी गाव, आणि तिथून थोडंच.

आमच्या शेजारच्या सीटवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ होते. चकलांब्याला निघाले होते, गेवराईत गाडी बदलणार होते. कुठं निघालात, कुणाकडं, अशी चौकशी झाली. मी हॉटेलचं सांगितल्यावर ते जरा सरकून बसले.

"तिथं न्हाई जायचं ताई," ते म्हणाले. "त्यात डुक्कर टाकत्यात."

"तुम्ही बघितलं का?"

"मी कशाला बघू? मोबाईलवर आलतं. आमच्या चकलांब्यात सगळ्यांकडं हाय ते. आमच्याकडची पोरं जाणार हुती, न्हाई गेली."

"हॉटेल कुणाचं आहे?"

"आहे एक मुसलमानाचं पोरगं. जपानला गेलतं म्हणत्यात." मग स्वतःच विचारात पडल्यासारखे म्हणाले, "मुसलमान असून डुक्कर कावून टाकंल, ते बी हायच. पर आलतं खरं मोबाईलवर."

अण्णा माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "म्हणूनच चाललोय. बघून लिहिते." मला त्या क्षणी स्वतःबद्दल चांगलं वाटत होतं, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवते. चार लोक ऐकीव बोलतायत आणि मी प्रत्यक्ष जाऊन बघणारी.

हॉटेल

बसस्थानकापासून जुन्या रस्त्यानं चालत दहा मिनिटं. अण्णांच्या चालीनं वीस. (बायकांनी स्थानकावरच टॉयलेटला जाऊन यावं, हॉटेलात सोय नाही.) गॅरेज, टायरची दुकानं, वेल्डिंगवाले अशा रांगेत एक निळं शटर आहे. त्याच्यावर पाटी, 'जपानी रामेन', आणि खाली बारीक अक्षरांत मराठीत आणि उर्दूत 'गरम शेवया-रस्सा'. आत सहा टेबलं, भिंतीला ताजा चुना, जमिनीवर एका कोपऱ्यात न निघालेला ग्रीसचा काळा डाग. पूर्वी हे गॅरेजच होतं.

दुपारचा एक वाजला होता आणि आत एकही गिऱ्हाईक नव्हतं.

मालकाचं नाव अजहर. तिशी ओलांडलेला, बारीक, कमरेला स्वच्छ कापड गुंडाळलेला. त्यानं पाणी ठेवलं, पण ऑर्डर घ्यायची घाई केली नाही. अण्णांना पाण्याच्या पहिल्या घोटालाच ठसका लागला. तो लांबला. मला भीती वाटली की ते आता उठतील आणि चल म्हणतील. अजहर जागेवरून हलला नाही, पाठीवर थोपटायलाही आला नाही. ठसका थांबल्यावर म्हणाला, "काका, शेवया लांब ठेवू का बारीक करू?"

चहात साखर किती, असं विचारावं त्या सुरात.

"बारीक कशा करतोस?" अण्णांनी विचारलं.

"कात्रीनं. मी तिथं ज्या दुकानात होतो ना, निम्मं गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचं. गल्ल्यापाशी कात्री असायचीच."

"मंग कर बारीक."

अण्णांसाठी चिकन रामेन सांगितलं, एकशेऐंशी रुपये. माझा गुरुवार असल्यामुळं मी व्हेज घेतलं, एकशेचाळीस.

अण्णांची वाटी आली. वाटी कसली, लहान परातच. वर दुधाळ रंगाचा दाट रस्सा, त्यात हातानं सोडवलेलं चिकन, कांद्याची पात, भाजलेले तीळ, आणि अर्धं कापलेलं अंडं. अंड्याचा पांढरा भाग सोया सॉसमध्ये मुरून चहाच्या रंगाचा झालेला आणि आतला पिवळा मधासारखा. शेवया बोटाच्या पेराएवढ्या कापलेल्या. बाजूला शेंगदाण्याचं तिखट तेल, ते आपल्या अंदाजानं घ्यायचं. काड्याही ठेवल्या होत्या आणि चमचाही.

वाटी ठेवून अजहर काउंटरच्या पलीकडं गेला आणि आमच्याकडं पाठ करून कांद्याची पात निवडत बसला. ती पात आधीच निवडलेली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

अण्णांनी आधी नुसता रस्सा चमच्यानं घेतला. थांबले. परत घेतला. "हा तर पाया हाय," ते म्हणाले.

अजहर न वळता हसला. "बरोबर ओळखलंत काका. कोंबडीची हाडं आणि बकऱ्याचे पाय. सहा तास उकळतो. आमच्या अम्मीचा पाया आणि तिथला रस्सा, दोन्हीचं मिळून केलंय."

अण्णा पाऊण तास जेवत होते. दोनदा ठसका लागला. दोन्ही वेळा त्यांनी रुमाल तोंडाला लावला, थांबले आणि पुन्हा चमचा उचलला. शेवटी त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरून तळाचा रस्सा प्यायला. मी मोबाईल काढला होता, पण फोटो घेतला नाही.

स्वयंपाकघर

मग मी ज्या कामासाठी आले होते तो प्रश्न विचारला. म्हटलं, "राग मानू नका. लोक म्हणतात यात डुकराचं मांस असतं."

त्याला राग आला नाही. त्यानं हात पुसले. "या ताई, आत या. बघा."

आत त्यानं सगळं दाखवलं. दोन मोठी पातेली, एक मांसाहारी रश्श्याचं आणि एक व्हेजचं, दोन्हींचे डाव वेगळे. फ्रीज उघडून दाखवला. शेवयांचं यंत्र आपल्याकडं उन्हाळ्यात घरोघरी असतं तसंच, फक्त त्याला वडिलांच्या गॅरेजमधली मोटर जोडलेली. पिठात तो पापडखार घालतो. त्यामुळं शेवया चिवट होतात आणि गरम पाण्यात विरघळत नाहीत. जपानमध्ये वापरतात त्या खाराची चव जवळजवळ तशीच, असं तो म्हणाला.

"तिथं असतं डुक्कर, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "मी पाच वर्षं एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दुकानात होतो. त्यांच्या पातेल्यात तेच असायचं. मी रोज नुसता भात आणि अंडं खायचो. आठ दिवस मालक बघत होते. नवव्या दिवशी नवीन पातेलं आणलं बाजारातून, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तू तुझं कोंबडीचं कर. तिथं मी हे शिकलो. हळूहळू गिऱ्हाइकं बी मागायला लागली, त्या पोराच्या पातेल्यातलं द्या म्हणून."

वडील गेल्यावर तो परत आला. गॅरेज बंद पडलं होतं. त्याला गाड्यांचं काम येत नव्हतं, हे येत होतं.

"पहिले बारा-पंधरा दिवस उभं राहायला जागा नव्हती ताई. कॉलेजची पोरं, हायवेवरची माणसं, बीडहून लोक आले. मग हे आलं." त्यानं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "हे बघा. कुणी लिहिलं माहीत न्हाई. नाव कापलंय."

पडद्यावर एक चित्र होतं. वर त्याच्याच हॉटेलच्या पाटीचा फोटो. त्याच्याखाली एका मेसेजचा तुकडा, कडा वाकड्या कापलेल्या.

'रामेनमध्ये डुकराचं मांस घालतात. गेवराईत काय घालतात कुणास ठाऊक.'

मधलं 'असं वाचलंय' कुणीतरी खोडून टाकलं होतं. शेवटचं 'कुणी जाऊन आलं असेल तर सांगा' कापलं होतं. बाकी शब्द माझे होते. सगळे.

मी ते परत परत वाचलं. अजहर काहीतरी सांगत होता, हिंदू गिऱ्हाइकं आधी बंद झाली, मग आमच्या मोहल्ल्यातलीसुद्धा, असं काहीतरी. मला नीट ऐकू येत नव्हतं. मी हात धुवायला म्हणून बाहेर नळावर गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. तिथून अण्णा दिसत होते. खुर्चीला टेकून, पाय लांब करून बसले होते. किती दिवसांनी ते असे बसले होते. न सांगता निघून जाणं सहज शक्य होतं. घरी जाऊन चांगलं लिहिलं असतं, पाच तारे दिले असते, कुणाला काही कळलं नसतं. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

मी आत गेले आणि म्हटलं, "अजहरभाई, तो मेसेज माझा आहे."

त्याला कळलं नाही. मी माझा मोबाईल उघडून मूळ मेसेज दाखवला. त्यानं तो वाचला. दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी धरून पुन्हा वाचला. मग माझा मला परत दिला.

"तुमी विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"पण ताई, विचारायचं होतं तर मला विचारायचं. पाटीवर नंबर हाय माझा."

मी माफी मागितली. म्हटलं, मी ग्रुपवर लिहीन, ब्लॉगवर लिहीन, नाव घेऊन लिहीन.

तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात लसूण सोलत बसलेली त्याची आई पहिल्यांदा बोलली. ती इतका वेळ तिथंच होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुम मोबाईलवर लिवताल बेटी," ती म्हणाली. "पर मोहल्ल्यात कोण वाचंल? हमीदाला कोण सांगंल?"

अजहर म्हणाला, "अम्मी, जाऊ दे."

"कावून जाऊ दे?" तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मग माझ्याकडं बघून तिनं सांगितलं. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत लग्न होतं. ती दस्तरखानावर जेवायला बसली. शेजारी हमीदाबी, चाळीस वर्षांची ओळख. हमीदाबी काही न बोलता उठली आणि दुसरीकडं जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. "मी एकटीच बसले. ताटात वाढलेलं होतं. टाकून कसं उठू? खाल्लं सगळं."

मी विचारलं, "खाला, हमीदाबींचं घर लांब आहे का?"

दोन गल्ल्या पलीकडं

लांब नव्हतं. अण्णांना हॉटेलात बसवून मी खालांबरोबर निघाले. त्या पदर डोक्यावर घेऊन माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. ही प्रवासवर्णनात लिहिण्यासारखी जागा नाही. एक पानाचं दुकान, एक फळांची गाडी, उघडी गटार, हिरवं दार. पण माझ्या सगळ्या सहलींमध्ये एवढं चालणं मला कधी जड गेलं नव्हतं.

हमीदाबी दारातच मशीनवर साडीला फॉल लावत होत्या. खालांना बघून मशीनवरचे त्यांचे पाय थांबले.

मी उभ्यानंच सांगितलं. मी वडवणीची. तो मेसेज मी लिहिला होता. मी तेव्हा हे हॉटेल बघितलंसुद्धा नव्हतं. आज आत जाऊन पातेली बघितली, फ्रीज बघितला, माझे वडील तिथं जेवले. कोंबडी आणि बकरा, दुसरं काही नाही. चूक माझी आहे.

"तुमी वडवणीत लिवलं," हमीदाबी म्हणाल्या, "तर आमच्यापाशी कसं आलं?"

"कुणीतरी तोडून पुढं पाठवलं. मला माहीत नव्हतं."

"आन् आता एवढ्या लांब सांगायला आलात?"

"खरं सांगायचं तर रामेन खायला आले होते. तिथं कळलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग साडीची घडी घातली. ती घालायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी माझ्याकडं नाही, खालांकडं बघून म्हणाल्या, "आपा, मी तुला विचारायला पायजे होतं."

"पायजे होतं," खाला म्हणाल्या. एवढंच. काही हरकत नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

हमीदाबी उठून आत गेल्या. स्टो पेटल्याचा आवाज आला. तीन कप चहा आला. मी माझा घेतला. खालांचा कप त्यांच्यासमोर होता आणि त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. चहावर साय धरली. हमीदाबी घ्या असंही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं आता खाला उठतील. मग खालांनी बोटानं साय बाजूला केली आणि तो गार झालेला चहा पूर्ण प्यायला.

परत येताना त्या माझ्या पुढं नाही, बरोबर चालत होत्या. पानाच्या दुकानापाशी म्हणाल्या, "तुझे वडील भात खातात का? मऊ?"

"खातात."

"पुढच्या बारीला आधी फोन कर. मी करून ठेवंन."

परत

साडेचारची बस मिळाली. अजहरनं पैसे कुठल्याही गिऱ्हाइकाकडून घ्यावेत तसे घेतले, मी दिले. नको म्हणाला असता तर मला फार अवघड झालं असतं. त्याला ते कळलं असावं.

गढी मागे पडल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. या वेळी त्यांचं गिअरकडं लक्ष नव्हतं.

"सकाळी तो टोपीवाला बोलत होता," ते म्हणाले, "तवा तू म्हणाली न्हाईस, की तू बी लिवलतं म्हणून."

"माझ्या डोक्यातच आलं नाही अण्णा. मी फक्त विचारलं होतं."

"ते बी खरं." मग म्हणाले, "मी एकतीस वर्षं गाडी चालवली. मागं काय झालं ते आरशात दिसायचं. तुमच्या मोबाईलला आरसा न्हाई."

वडवणीला पोचलो तेव्हा नुकते दिवे लागले होते. अण्णांनी घरात शिरताच जावयाला सांगितलं, "पूर्ण वाटी खाल्ली." मग झोपायला गेले.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर मूळ मेसेज, कापलेला मेसेज आणि माझी माफी असं सगळं टाकलं. चौघं जण ग्रुप सोडून गेले. एकीनं विचारलं, पैसे मिळाले का लिहायचे. बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही. एका बाईंनी मला वेगळा मेसेज करून सांगितलं की तो तुकडा तिनं तिच्या बहिणीला पाठवला होता, वाईट हेतूनं नाही, आणि आता ती बहिणीला फोन करतेय. आणि सोमवारी माझ्याच एका मावसभावानं तेच कापलेलं चित्र मला पाठवलं, खाली लिहिलं होतं, 'सावध राहा'. म्हणजे ते अजून फिरतंय. ते कधी थांबेल मला माहीत नाही. दिसेल तिथं मी उत्तर देते, एवढंच माझ्या हातात आहे.

आम्ही अजून एकदा जाऊन आलो. त्या दिवशी तीन टेबलांवर लोक होते. अजहर म्हणाला, वाढतंय हळूहळू. खालांनी मऊ भात केला होता आणि त्यावर तोच रस्सा. अण्णा भर दुकानात बसून जेवले. शेजारच्या टेबलावरच्या एकानं ठसका ऐकून वळून बघितलं, अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, आणि दोघंही आपापलं जेवायला लागले.

हा लेख मी टाकण्याआधी अजहरला वाचायला पाठवला. खालांचं आणि हमीदाबींचं लिहू का, हेही विचारलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अम्मीला वाचून दाखवलं. हमीदाखालाला बी. लिहा म्हणाल्या दोघी," तो म्हणाला. "पण ताई, तुमी एक सोडलंय. व्हेज तुमी खाल्लं होतं ना? त्याचं काहीच न्हाई लिहिलं."

मी म्हटलं, "राहू द्या हो."

"खारट होतं का?"

"थोडं," मी म्हटलं.

"मंग लिहा तसं. नाहीतर कोंबडीचं चांगलं म्हणताय ते बी लोकांना खरं वाटायचं न्हाई."

तर लिहिते. चिकन रामेन उत्तम आहे, त्यासाठी बीडहून काय, आणखी लांबूनही जावं. अंडं तर सोडूच नका. दुपारी बारा ते चार आणि संध्याकाळी सात ते नऊ, शुक्रवारी बंद. व्हेज रामेन मात्र खारट होतं आणि त्याच्या रश्श्याला अंग नव्हतं. मी निम्मं ठेवलं.